दारावरचं एकच नाव

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दारावरची. नवघरच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, गेली पंधरा वर्षं मी टांगलेली आहे. माझ्यावर एवढंच कोरलंय : निशिगंधा राऊत, उद्यान व परिसर रचना.

धाकू सुतारांनी मला सागवानी फळीतून घडवलं. निशिगंधा तेव्हा एकटीच होती. तिचं काम नेमकं काय, हे लोकांना कळायचंच नाही. कुणी कुंड्या मागायला यायचं, कुणी गुलाबाला कीड लागली म्हणून. ती न कंटाळता सांगायची, की इमारतींच्या मधे जी जागा उरते तिथे सावली कुठे पडेल, पाणी कुठून जाईल, म्हातारी माणसं कुठे टेकतील, हे मी ठरवते. हळूहळू सोसायट्यांच्या बागा मिळाल्या, मग एका शाळेचं मैदान, मग वरसाव्याकडच्या एका वसाहतीचा रस्ता.

दार दिवसभर आतल्या बाजूला उघडलेलं असायचं, त्यामुळे मला ऑफिसातलं सगळं दिसे. येणारा प्रत्येक जण आधी मला वाचायचा. त्याचा मला भारी अभिमान.

मग रसिका आली. नुकतीच शिकून बाहेर पडलेली. निशिगंधाने तिला हाताला धरून शिकवलं. रोप लावताना पंधरा वर्षांनंतरचं झाड डोळ्यांपुढे आणायचं, हे तिचंच शिकवणं.

उत्तनकडच्या एका कोळीवाड्याला समुद्राकाठी बाग हवी होती. निशिगंधाने हिरवळ, बाकं, कारंजं असा नकाशा काढला. गावातर्फे टेरेझाबाई आल्या. छान आहे म्हणाल्या, पण चेहरा उतरला. रसिकाने हळूच विचारलं, की आत्ता तिथे तुम्ही काय करता.

"बोंबील सुकवतो," टेरेझाबाई म्हणाल्या. "बाग पायजे, पन आमाला दुसरी जागा न्हाय."

आठवड्याभरात रसिकाने नवा नकाशा काढला. मधे उन्हात बोंबील वाळवायच्या बांबूंना जागा, कडेने खाऱ्या वाऱ्यात तगणारी उंडीची झाडं, झाडांखाली बसायला ओटे. टेरेझाबाईंनी त्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवलं. त्यानंतर गावाचा फोन आला, की रसिकाच हवी असायची.

फळीला पोट नसतं, तरी माझ्या पोटात दुखू लागलं. नाव माझ्यावरचं, आणि कौतुक हिचं? निशिगंधाचंही तेच झालं असावं. तिला रसिकाच्या प्रत्येक रेघेत खोट दिसायला लागली.

बागेचा पक्का नकाशा गावाला पाठवायच्या दिवशी त्याच्या कोपऱ्यात दोघींची नावं होती. निशिगंधाने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि एक नाव पुसून टाकलं. मी खूश झाले. हे सांगताना आज लाज वाटते.

छापून आलेला नकाशा रसिकाने पाहिला. "ताई, माझं नाव राहिलं."

"घाईत विसरले गं," निशिगंधा म्हणाली, मान वर न करता.

महिनाअखेरीस रसिकाने काम सोडलं आणि जेसल पार्कला स्वतःचं ऑफिस थाटलं.

दोन वर्षांनी बाग तयार झाली. उद्‌घाटनाला निशिगंधाला शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा स्वप्नील ऑफिसात आला, तेव्हा ती शाल पिशवीतच होती. ती त्याला सांगत होती, की बायका उन्हात बोंबील उलटत होत्या, पोरं ओट्यांवर खेळत होती, आणि तिला तिथे उभंच राहवेना. त्याच्यासमोरच तिने रसिकाला फोन लावला.

"मी विसरले नव्हते, रसिका. मुद्दाम काढलं होतं. तुझं काम माझ्यापेक्षा सरस होतं म्हणून."

 स्पीकरवर रसिकाचा आवाज आला, "मला तेव्हाच कळलं होतं, ताई. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

निशिगंधाने गावाला पत्र लिहिलं. आता बागेतल्या फलकावर रसिकाचं नाव पहिलं आहे. रसिका मात्र परत आली नाही. येईल असं वाटतही नाही.

माझा रंग उडालाय, दोन अक्षरं तर चाचपूनच वाचावी लागतील. जेसल पार्कला नवी पाटी झळकते, तिच्याखाली लोक थांबतात, हे ऐकलं की अजूनही दुखतं. खोटं कशाला सांगू?

तुम्हाला एकच विनवणी. दारावरचं नाव वाचाल, तेव्हा आत डोकावून बघा. टेबलावर वाकून जी काम करत असेल, तिलाही तिचं नाव विचारा.