न केलेली चाचणी

ताईंनी नळी ओढून काढली आणि कान टवकारले. अलार्म वाजला नाही. पुन्हा जोडली, पुन्हा ओढली. नवजात बाळांना श्वास पुरवणारं ते यंत्र, बॅटरी संपत आलेली असताना, ढिम्म बसून राहिलं.

ही चाचणी तीन आठवड्यांपूर्वीच झाल्याची खूण कागदावर होती, तीही ताईंच्याच हातची. त्या दिवशी घाई होती. भरलेल्या बॅटरीवर अलार्म खणखणीत वाजला, तेवढ्यावर त्यांनी भरलेल्या आणि संपत आलेल्या बॅटरीच्या दोन्ही चौकटींत खूण करून टाकली होती. त्याच खुणेच्या भरवशावर इथली यंत्रं उद्या इस्पितळांत जाणार होती आणि कंपनीच्या परदेशातल्या कारखान्यातली आजच.

"मला सांगितलंत ना, झालं," ताईंचे साहेब हळूच म्हणाले. "तिकडच्यांना काहीतरी कारण सांगून थांबवू. मास्तरसमोर तुमचं नाव कशाला?"

मास्तर म्हणजे तिकडच्या गटाचा प्रमुख. हे टोपणनाव इथल्यांनीच ठेवलेलं. प्रत्येकाची चूक तो नावानिशी, सगळ्यांना दिसेल अशा यादीत लिहायचा. इथली रीत वेगळी: चूक चहाच्या वेळी कानात सांगायची, चारचौघांत कुणाला उघडं पाडायचं नाही. मेल्याचा माणसांवर विश्वासच नाही, असं ताई वर्षभर म्हणत आल्या होत्या.

दहाच्या बैठकीत मास्तर पडद्यावर आला.

"कमी बॅटरीची चाचणी मी केलीच नव्हती," ताई म्हणाल्या. "खूण मात्र केली. अलार्म वाजत नाहीये. तुमची यंत्रं थांबवा."

साहेबांचा हात माइक बंद करायला पुढे झाला. ताईंनी तो शांतपणे बाजूला सारला. वीस वर्षांत कमावलेलं नाव असं चव्हाट्यावर मांडायला छाती लागते. त्यांचा आवाज कापला नाही.

मास्तरने फोन उचलला, दोन वाक्यं बोलला आणि ठेवला.

"गाडी थांबवलीय."

मग तो टाइप करू लागला. यादीत नवी ओळ उमटली. चूक कुणाची, या रकान्यात ताईंचं नाव आलं आणि त्याच्या शेजारी मास्तरचं स्वतःचं.

"तुमचं का?" साहेबांनी विचारलं.

"इथे आलेली प्रत्येक चाचणी मी पुन्हा करून बघतो," मास्तर म्हणाला. त्याने चष्मा काढून हातात धरला. "ताईंच्या सोडून."