समुद्र घुसळणारी रवी

मी एक जुनी रवी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी रवी कधी हातात धरलीच नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. दीड हाताचा लाकडी दांडा आणि त्याच्या टोकाला पाकळ्या पाडलेला गोल गड्डा, एवढंच माझं शरीर. दोन तळव्यांत धरून मला गरगर फिरवलं की दह्याचं ताक होतं आणि लोणी वर येतं. आजकाल मात्र मी ताक करत नाही, मी समुद्र घुसळते. हसू नका. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशी गावात, जिथून खरा समुद्र गाठायला एसटीत अंग आंबून जातं, तिथे बसून मी हे काम करते.

मला मारोतराव सुतारांनी घडवलं. सागाचा तो तुकडा खाटेच्या पायासाठी आणला होता. पण त्यात मधोमध गाठ निघाली आणि तो बाजूला पडला. अशी मी खाट व्हायची ती रवी झाले, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वच्छलाबाई तेव्हा नवी सून होती. तिच्या दारात म्हैस होती आणि सकाळी अर्धी गल्ली ताकाला येत असे. लोणी पाहून बाया म्हणत, "वच्छलेच्या हाताले गुन हाये." गुण हाताला होता, हे मान्य. पण त्या हातात कोण होतं, हे कोणी विचारलं नाही. मी तेव्हा थोडी फुगून बसायची.

पुढे म्हैस गेली, पिशवीतलं दूध आलं, ओट्यावर मिक्सर आला. मी खुंटीवर लटकले. मला खाली काढलंच तर मांजर हुसकायला नाही तर माळ्यावरचं डबडं पुढे ओढायला. एकदा तर मोरीचं तुंबलेलं तोंड माझ्याकडून मोकळं करून घेतलं. त्या दिवशी मात्र मला रडू आलं, ते मी कोणाला दिसू दिलं नाही.

अशी काही वर्षे गेली आणि वच्छलाबाईचा मुलगा धम्मरत्न निवृत्त होऊन गावी आला. रत्नागिरीला मासेमारी खात्यात कारकून म्हणून त्याने तीस वर्षे काढली होती. लोक निवृत्त होताना शाल-श्रीफळ घेऊन येतात. हा टेम्पोतून काचेची एक मोठी पेटी घेऊन आला. तिच्यात खारं पाणी, दगड, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि एक लाल झिंगा होता. झिंग्याच्या मिशा त्याच्या अंगाहून लांब होत्या, म्हणून वच्छलाबाईने त्याचं नाव मिशीवाला ठेवलं. लेक समुद्राकाठी राहत असूनही तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ती पेटीपुढे पाट टाकून बसे आणि धम्मरत्न तिला सांगे, हा मासा काय खातो, तो कुठे झोपतो. एरवी मुलखाचा अबोल माणूस, पण पेटीजवळ त्याला बोलणं फुटायचं. मायलेक इतकं बोलताना मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

अडचण एकच होती. त्या पेटीतलं थोडं पाणी दर आठवड्याला बदलावं लागतं, आणि त्यासाठी लागणारं समुद्री मीठ पाकिटात मिळतं. ते पाकीट मुंबईहून मागवायचं आणि एकाच पाकिटाला घरच्या महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजायचे. धम्मरत्नची बायको रूपा दोन महिने गप्प राहिली. मग तिने सरळच सांगितलं.

"पाकीट संपत आलं नं? आता नवं आनू नका. अकोल्याचे ते मासे पाळनारे सर आपले मासे न्याले तयार हायेत. येत्या रविवारी या म्हनून सांगतलं म्या त्याईले."

"मी घरीच बनवतो मीठ," धम्मरत्न म्हणाला.

"बनवा. रविवारपर्यंत जमलं त ठीक, नाई त मासे अकोल्याले."

रूपा वाईट नव्हती हो. घर तिलाच चालवायचं होतं. पण धम्मरत्नचा चेहरा उतरला, आणि वच्छलाबाईचा त्याहून जास्त. मासे गेले तर आपला लेक पुन्हा मुका होईल, हे तिला न सांगता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी धम्मरत्न मोटरसायकलवर तालुक्याला, मालेगावला गेला. शिखरचंदांच्या दुकानातून त्याने दुसरं काहीही न मिसळलेलं मीठ घेतलं. शेतकी दुकानातून, कपाशीची पानं लाल पडली की फवारतात ते मॅग्नेशियम सल्फेट घेतलं. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड आणि थोडं पांढरं पोटॅश वाशीमहून मागवलं. खायचा सोडा घरात होताच. साऱ्याची किंमत पाकिटाच्या चौथाईतच बसली. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये त्याने पाणी भरलं आणि ढवळायला काहीतरी शोधू लागला.

"हे घे की झारा," वच्छलाबाई म्हणाली.

"नाई मा. लोखंड नको, पितळ नको. धातू उतरला पान्यात त मिशीवाला मरते."

तेव्हा म्हातारीची नजर वर गेली आणि खुंटीवर थांबली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे कामासाठी पाहिलं.

पण कामाला लागण्याआधी मला तीनदा उकळलं. इतक्या वर्षांचं लोणी माझ्या अंगात मुरलं होतं. पहिल्या उकळीला पातेल्यावर तुपाचा तवंग आला तेव्हा मला लाज वाटली आणि वच्छलाबाईला माया आली. तिसऱ्या उकळीनंतर मी कोरी झाले. मग तिने पाटावर बसून मला ड्रममध्ये सोडलं आणि तिच्या हाताला जुना ताल आपोआप सापडला.

पहिला घाणा फसला. घाईघाईत कॅल्शियम आणि सोडा एकदमच पाण्यात पडले आणि पाणी पांढरंफट्ट झालं. वच्छलाबाई ड्रममध्ये वाकून म्हणाली, "पाह्य, ताकच झालं." मलाही क्षणभर आपण जुन्याच नोकरीवर आलो असं वाटलं. दुसऱ्या वेळी धम्मरत्नने एकेक वस्तू वेगळी विरघळवली, एक पूर्ण मुरल्यावर दुसरी घातली आणि सोडा सगळ्यात शेवटी. पाणी काचेसारखं नितळ झालं. त्याने त्यात खारेपणा मोजायची तरंगणारी काचेची नळी सोडली. ती बरोबर खुणेवर उभी राहिली आणि तो लहान पोरासारखा हसला. हा शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी तो बँकेच्या कामाला गेला आणि घोटाळा झाला. वच्छलाबाईच्या मनात आलं, एवढ्या मेहनतीचं पाणी प्लास्टिकमध्ये कशाला ठेवायचं? घरात तिच्या लग्नातला तांब्याचा हंडा होता. तांब्यातलं पाणी शुद्ध, थंड, अंगाला चांगलं, हे तिने आयुष्यभर ऐकलं होतं आणि तसं पाणी सगळ्यांना पाजलंही होतं. तिने ड्रममधलं थोडं पाणी काढून हंडा भरला. मी शेजारीच टेकून उभी होते. मला माहीत होतं ना! ताक तांब्यात ठेवलं तर काय होतं, ते माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? पण मला तोंड नाही. मी एकदा घसरून दणकन खाली पडले, तर तिने मला उचलून पुन्हा नीट उभं केलं.

दुपारी धम्मरत्न आला तोवर तिने ते पाणी पेटीसाठी बादलीत ओतून ठेवलं होतं. ते थेट ड्रममधलंच समजून त्याने ती बादली पेटीत रिकामी केली. संध्याकाळी वच्छलाबाई हंडा घासायला बसली, तर आत हिरवं वलय उमटलेलं.

"धम्मा," ती तिथूनच म्हणाली, "हंडा कयकला रे."

कयकला, म्हणजे कळकला. आंबट-खारट पदार्थाने तांब्यापितळेला सुटतो तो विषारी कळक. धम्मरत्न धावत आला.

"मा, तुले सांगतलं होतं नं, धातू नको म्हनून?"

"तू लोखंड म्हनला, पितळ म्हनला. तांब्याचं नाव नाई घेतलं तुनं." "तांबं त चांगलं असते न बाप्पा."

त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पेटीतलं अर्धं पाणी उपसलं. ड्रममधलं पाणी तेवढ्याला पुरेना, म्हणून त्यात नवं पाणी भरून उरलेल्या सगळ्या पुड्या एकेक करून घातल्या. वच्छलाबाईने मला उचललं ते रात्र होईपर्यंत ठेवलं नाही. तिची मनगटं दुखत होती, हे मला तिच्या पकडीतून कळत होतं. शेवटी रूपाच पुढे झाली, "आत्या, सरा तिकडं," म्हणाली आणि स्वतः घुसळू लागली. तिचा हात नवखा होता, पण जोर चांगला होता. रात्री ते नवं पाणी पेटीत गेलं.

रविवारी सकाळी पेटीच्या तळाशी मिशीवाला पडला होता. पाय वर, मिशा पसरलेल्या, हालचाल नाही. वच्छलाबाईने पाण्यात हात घालून त्याला बाहेर काढलं आणि तळव्यावर घेऊन बसली. "म्या मारलं त्याले," ती एवढंच म्हणत राहिली. त्याच वेळी अकोल्याचे सर पिशव्या घेऊन दारात आले. धम्मरत्न खाली मान घालून उभा होता. त्याने मासे पकडायची जाळी उचलून त्यांच्या हातात दिली.

"थांबा," रूपा म्हणाली. ती पेटीला नाक लावून पाहत होती. "आत्या, तुमच्या हातात कोन हाये मग?"

दगडामागून दोन लांब पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. मग लाल पाठ आली. मिशीवाला नव्या कोऱ्या अंगाने बाहेर आला, आधीपेक्षा चकचकीत आणि किंचित मोठा. वच्छलाबाईच्या तळव्यावर होती ती त्याची कात. नवं पाणी मिळालं की झिंगा अशी जुनी कात टाकतो, हे धम्मरत्नला ठाऊक होतं, पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवतं थोडंच! तो मटकन खाली बसला आणि आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून हसायला लागला. वच्छलाबाई रडत होती आणि त्याच्या केसांतून हात फिरवत होती.

रूपाने सरांच्या हातातली जाळी काढून घेतली. "सर, चहा घ्या," ती म्हणाली, "आन् पिशव्या मात्र रिकाम्याच न्या. आमच्या घरचा समुद्र जमला."

मित्रांनो, हे सगळं तुम्हाला का सांगितलं? वच्छलाबाईने हंडा भरला तो मायेनेच. आपल्याला जे चांगलं वाटतं तेच दुसऱ्यालाही मानवेल, असं आपण धरून चालतो, मग तो झिंगा असो की घरातलं माणूस. ज्याला सांभाळायचं असेल त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते आधी विचारा, आणि ज्याला तोंड नाही त्याच्याजवळ थोडं बसून पाहा. माझंही एक मागणं आहे. मीठ लाकडालाही खातं. काम झालं की मला गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, म्हणजे वच्छलाबाईचे हात थकल्यावर रूपाच्या हातात मी टिकेन.