मोठ्या बाईंचं पत्र

या, अशा जवळ येऊन बसा. लांब बसलात तर अर्धं वाऱ्यावर जाईल, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. हिच्यात चमत्कार नाही, राजा-राणी नाही. एक सिस्टर आहे, तिचा नवरा आहे, आणि एक पत्र आहे. ऐकून झालं की मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे, तेवढं मात्र द्या.

"दादा, आलं! बाईंनी दिलं पत्र!" सिस्टर माझ्या दुकानाची पायरी चढतच म्हणाली. ड्यूटीचा पांढरा कोट अंगात तसाच होता.

माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि दम्याच्या पेशंटसारखा खोकणारा एक प्रिंटर. लोकांचे फॉर्म भरून देतो. समोरच वृद्धाश्रम आहे, बावीस खाटांचा. सिस्टर तिथे तेरा वर्षं होती. इन्शुलिन देणं, नाकातल्या नळीतून अन्न घालणं, पडून राहून पाठीला झालेल्या जखमा धुणं, सगळं तिच्याकडे. एखाद्या आजोबांकडे नुसतं बघून ती म्हणायची, "उद्या ताप येणार यांना." यायचा. डॉक्टरसुद्धा तिला विचारून औषध बदलत.

तिचा नवरा सहा वर्षं परदेशात होता. तिथल्या अशाच एका आश्रमात म्हाताऱ्यांना उचलायचा, आंघोळ घालायचा. त्याचा परवाना एकट्याचा होता, बायकोला नेता येत नव्हतं. वर्षातून तीन आठवडे सुट्टी मिळायची. बाकीचा संसार फोनवर. ती दुपारी डबा उघडायची तेव्हा त्याची तिकडे सकाळ व्हायची. भाजीत मीठ जास्त झालं की ही इथे सांगायची आणि तो तिथे हसायचा.

मग त्या देशानं एक वाट उघडली. आजारी माणसांची सेवा करणाऱ्या कुशल लोकांना कायमचं राहू देणार होते. सिस्टरचा अर्ज मंजूर झाला असता तर दोघं एका घरात राहिली असती. अट एकच, अर्जाच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं. तिच्या हातात पाच आठवडे होते. सगळे कागद जमले होते, फक्त अनुभवाचं पत्र राहिलं होतं. ते आश्रमाच्या मोठ्या बाई देणार होत्या.

मोठ्या बाई शहात्तर वर्षांच्या. स्वतःचं घर देऊन त्यांनी आश्रम काढलेला. हात थरथरायचा, पण पत्र दुसऱ्याकडून लिहून घेणं त्यांना मान्य नव्हतं. दोन दिवस बसून त्यांनी ते लिहिलं. मी वाचायला घेतलं.

'ही माझ्या पोटची नाही, पण पोटच्या लेकीनं केलं नसतं ते हिनं केलं. आजोबांना भरवते. आजींची वेणी घालते. फरशी पुसायला कोणी नसेल तर पदर खोचून स्वतः पुसते. कोणी देवाघरी निघालं की शेवटपर्यंत त्याचा हात धरून बसते. हिला कुठलंही काम सांगा, हे माझं नाही असं कधी म्हणत नाही.'

माझे डोळे भरून आले. कीर्तनात एखाद्या ओवीला येतात तसे. पण हातात फॉर्मसोबतची यादी होती, आणि यादीत वेगळंच मागितलं होतं.

"सिस्टर," मी म्हटलं, "यात इंजेक्शन कुठे आहे? ड्रेसिंग, नळी, औषधांच्या वेळा? त्यांना तेच हवंय."

तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "दादा, दोन दिवस लागले हो त्यांना. तीन कागद फाडले. मला वाचून दाखवताना रडल्या. आता कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, हे चालत नाही, दुसरं लिहा?"

"मी सांगतो."

"नको. दुखावतील. आणि खोटं काय आहे त्यात? शिकलेली माणसं आहेत तिकडची. न कळायला काय झालं? म्हाताऱ्यांना कोणी नुसतं भरवायला ठेवतं का तेरा वर्षं?"

त्या दिवशी मी हट्ट धरायला हवा होता. रस्ता ओलांडून चार पावलं गेलो असतो तरी झालं असतं. पण मीही त्या पत्राला भुललो. असल्या शब्दांना कोण नाही म्हणेल, असं वाटलं. बुवा सांगतात, भाव शुद्ध असला की देवाला पोचतं. देवाला पोचतंच. सरकारी टेबलावर माणूस बसलेला असतो, हे मी विसरलो. पत्राचं भाषांतर करून घेतलं आणि अर्ज पाठवला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. मीच उघडलं. पत्रातली कामं घरगुती मदतनिसाची आहेत, कुशल आरोग्यसेवेची नाहीत, सबब अर्ज नामंजूर. तोवर सिस्टरला पंचेचाळीस पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "यांना फोन करायला हवा." बाहेर पायरीवर बसून तिनं फोन लावला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"दादा, एक शपथ घाला मला. नाही, मीच घालते तुम्हाला. बाईंना कळता कामा नये."

"अहो, पण त्या विचारतील ना?"

"विचारतील. मी सांगेन, बोलावणं आलं होतं, मलाच जाववलं नाही."

तसंच सांगितलं तिनं. मोठ्या बाई हरखल्या. पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला आणि आपल्याच आश्रमातल्या खिडकीजवळच्या खाटेवर त्या पडल्या. जीभ जड झाली, पण भेटायला येईल त्याला ही गोष्ट सांगायच्या. सिस्टर तोंड पुसता पुसता म्हणायची, "हो बाई, खरं आहे."

त्या वर्षी नवरा सुट्टीवर आला. निघायच्या दिवशी दुपारी तो बाईंना भेटायला गेला. मी हयातीच्या दाखल्यावर त्यांचा अंगठा घ्यायला तिथेच उभा होतो.

"या जावईबापू," बाई अडखळत म्हणाल्या. "मी असं पत्र लिहिलं, असं लिहिलं, की तिकडचे लोक हिला न्यायलाच निघाले होते. पण ही वेडी! आम्हाला सोडवेना हिला. तुमची बायको ठेवून घेतली आम्ही. राग नाही ना?"

मला खाली बघावं लागलं. सिस्टर उशीचा अभ्रा नीट करत राहिली, नीटच असलेला.

तो माणूस दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना उचलणारा. त्यानं वाकून बाईंचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला. "राग कसला, बाई? पत्र फार चांगलं होतं. हिनं वाचून दाखवलं होतं मला फोनवर. मी आलो इकडे, तर माझ्याबद्दल असं लिहाल का?"

बाई हसल्या. लहान मूल हसतं तशा.

चारच्या सुमारास गाडी आली. फाटकाशी दोघं उभी होती. सिस्टरनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग घड्याळ बघितलं.

"बाईंची कूस बदलायची वेळ झाली."

"जा तू. दर दोन तासांनी बदलायलाच हवी. मला सांगतेस?" तो म्हणाला.

ती आत गेली. त्यानं डिकीत बॅग ठेवली आणि दार धरून उभा राहिला. मला माझ्या दुकानातून आश्रमाची खिडकी दिसत होती. सिस्टरनं एक हात बाईंच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि ती त्यांना सावकाश भिंतीकडे वळवू लागली. तिची पाठ रस्त्याकडे होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गाडी सुरू झाली. ती वळली नाही. माणसाला अर्ध्या कुशीवर सोडता येत नाही.

मोठ्या बाई त्याच वर्षी गेल्या. सुखानं गेल्या. सिस्टर अजून समोरच आहे आणि तो अजून तिकडेच.

आता माझं मागणं. देवापुढे हात जोडाल तेव्हा स्वतःच्या घरातल्या माणसांची नावं घ्या, खुशाल घ्या. ती घेऊन झाली की क्षणभर थांबा, आणि या दोघांची आठवण ठेवा.