पहिल्या नंबरची फेरी

केजच्या स्टँडवर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्यांत जमीलएवढा तापट माणूस दुसरा नव्हता, आणि गंमत अशी की तो कायम दुसऱ्याच्याच बाजूनं तापायचा. कुणी कुणाचा नंबर मारला, की ज्याचा मारला तो गप्प आणि जमील बाह्या सरसावून पुढं. स्वतःचा नंबर गेला तर मात्र "जाऊ दे बे, अल्ला देईल" म्हणून टपरीवर चहाला बसायचा. ह्या माणसाला स्वतःसाठी भांडायला कुणी शिकवलंच नाही, असं त्याची बायको अफसाना शेजारणींना सांगायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची.

नंबर म्हणजे तिथलं सगळं काही. सकाळी जी जीप आधी येऊन लागेल तिचा पहिला नंबर. ती भरून मांजरसुंब्याच्या वाटेला लागल्याशिवाय दुसऱ्या जीपमध्ये कुणी बसायचं नाही. पहिल्या नंबराला नोकरीवाले, दवाखान्यावाले, बीडला कोर्टात तारखेला जाणारे असे सगळे एकदम येतात, त्यामुळं ती फेरी कधी रिकामी जात नाही. पुढं जमीलनं अडीनडीसाठी फंड काढला तो ह्याच फेरीच्या पैशातून.

त्याला निमित्त झाला रामकिसन. रामकिसन म्हणजे जमीलचा जुना दोस्त, दोघांनी स्टेअरिंग एकाच उस्तादाकडं धरलेलं. त्याला कावीळ झाली आणि तो महिनोन्महिने खाटेवर पडला. जीप दारात उभी. स्टँडवरच्यांनी वर्गणी काढली आणि सगळे घोळका करून त्याच्या घरी गेले. एकेकजण उशाशी नोट ठेवायचा, हात जोडायचा, बाजूला व्हायचा. रामकिसननं भिंतीकडं तोंड फिरवलं ते सगळे निघून जाईपर्यंत इकडं केलंच नाही.

बाहेर आल्यावर जमील भडकला. "माणूस जित्ता हाय बे अजून! मयतीला आल्यासारखं केलं आपण."

दुसऱ्या दिवशी त्यानं अजमतबीच्या टपरीपुढं सगळ्यांना गोळा केलं. रोज ज्याचा पहिला नंबर, त्यानं त्या फेरीचं डिझेल वजा करून बाकीचं फंडात टाकायचं. आज तुझा, उद्या माझा. कुणाच्या खिशाला जड नाही. लायनीतला सगळ्यात जुना ड्रायव्हर तात्याबा, त्याचे भिशीत एकदा हात पोळलेले. तो म्हणाला, "सांभाळायचं कुणी? मागच्या बारीला सांभाळणाराच पळून गेलता."

"माझ्याकडं ठिवा," अजमतबी स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली. चहाच्या टपरीवर तिचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि सगळे ड्रायव्हर तिला खाला म्हणत. "माझ्या साखरेच्या डब्याला कुणी हात लावत न्हाई, पैशाच्या डब्याला लावंल का?"

ते खरंच होतं. तिच्या डब्याला हात लावण्याची छाती केज तालुक्यात कुणाची नव्हती.

मग कुणीतरी म्हणालं, पैसे कुणाला द्यायचे ते ठरवायला कमिटी पाहिजे. जमील पुन्हा तापला. "कमिटी बिमिटी न्हाई. कमिटी म्हंजे कोण किती रडलं त्याचं माप घ्यायचं. ज्याला लागंल त्यानं सकाळच्या लायनीत उभं राहून आपल्या तोंडानं मागायचं. मागितलं की द्यायचं. कावून, कशाला, असलं एक अक्षर इचारायचं न्हाई."

सगळ्यांना ते पटलं. ऐकायलाच असं रुबाबदार होतं की टाळ्या पडल्या. एरवी कपाला कप लागला तरी ओरडणाऱ्या अजमतबीनं त्या दिवशी सगळ्यांना फुकट चहा पाजला.

तेव्हापासून वर्ष उलटून गेलं. रामकिसन बरा होऊन लायनीत परत आला. डबा भरला की अजमतबी आणि रामकिसन जाऊन बँकेत टाकून यायचे, डबा पुन्हा भरायचा. मागायला मात्र कुणी आलं नाही. जमील छाती फुगवून सांगायचा, "आपल्या लायनीवर अल्लाची मेहेर हाय. फंड वाढतोय, पर कुणाला गरज न्हाई!"

आणि मग त्याचे डोळे गेले.

गेले म्हणजे एकदम नाही. आधी समोरच्या गाडीचे दिवे पसरायला लागले, मग मैलाचे दगड पुसट झाले, मग दुपारच्या उन्हात अख्खा रस्ता दुधात भिजवल्यासारखा दिसू लागला. बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आधी एक, मग दुसरा, दोन्ही काढावे लागतील, आणि तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. डोळे चांगले होतील, काळजी नको, असंही तो म्हणाला. पण दोन-तीन महिने जीप उभी राहिली तर हप्ता कोण भरणार आणि घरात चूल कशावर पेटणार, ते डॉक्टरला विचारण्यात अर्थ नव्हता. जमीलनं चिठ्ठी घडी करून टोपीत खोचली आणि दुसऱ्या दिवशी जीप काढली.

"तुमकू दिखता नै, फिर बोलते कायकू नै?" अफसाना रडकुंडीला आली.

"बोलतूं, बोलतूं," म्हणत त्यानं ते टाळलं. बोलायचं म्हणजे लायनीत उभं राहून मागायचं. ज्यानं फंड काढला त्यानंच सगळ्यांच्या आधी हात पसरायचा? स्वतःसाठीच काढला होता, म्हणतील. आणि जमीलच्या तोंडाला कुलूप बसायचं.

रामकिसनला मात्र कळलं होतं. जमीलची जीप रस्ता सोडून कडेच्या दगडगोट्यांवरून जायला लागली, तेव्हाच त्यानं ओळखलं. तो गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर थांबून राहायचा, जमीलची जीप आली की तिच्यापुढं लागायचा आणि खड्डा, वळण, बैलगाडी काहीही आलं की आधीच ब्रेक दाबायचा, म्हणजे मागचे लाल दिवे जमीलला दिसावेत. घाई असलेले प्रवासी त्याला शिव्या घालायचे, तो मुकाट ऐकून घ्यायचा. जमीलला हे सगळं समजत होतं. तो त्या लाल दिव्यांमागून जायचा, आणि मांजरसुंब्याला उतरल्यावर रामकिसनशी पीकपाण्याच्या गप्पा मारायचा.

शेवटी रामकिसनच म्हणाला, "जमीलभाई, मागा की. तुमच्या वतीनं म्या मागितलं असतं, पर नियम तुमचाच हाय."

"मला काय झालंय बे?" जमील म्हणाला.

त्या आठवड्यात एका सकाळी रामकिसनची जीप पंक्चर झाली आणि जमील एकटाच पुढं निघाला. नेकनूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी दिसली. जीपवाल्याचा पाय अशा वेळी आपोआप ब्रेकवर जातो. रस्त्याकडेला उभं आहे ते सगळं भाडंच. त्यानं गाडी थांबवली, मान बाहेर काढली. "मावशी, मांजरसुंबा का? या, म्होरं जागा हाय."

मावशी हलेना.

"अवो, या की लवकर! नंबर जातोय."

मागच्या सीटवर नेकनूरच्या विमलबाई बसल्या होत्या, रोजच्या प्रवासी. त्या म्हणाल्या, "अरं बाबा, ती काय येत न्हाई. खताची पोती हायत ती. कुणीतरी लुगडं पांघरलंय वरून."

जीपमध्ये हशा पिकला. जमीलही हसला, "तुमची गंमत केली, विमलबाई," म्हणाला. पण गिअर टाकला तरी त्यानं गाडी लगेच पुढं घेतली नाही. पोत्याला माणूस समजलो, त्याचं हसं झालं, ठीक. उद्या माणसाला पोतं समजलो तर? मागं विमलबाई, कुणाचं लेकरू, परीक्षेला निघालेली पोरगी, सगळ्यांचे जीव आपल्या ह्या दुधाळ डोळ्यांवर ठेवून आपण अब्रू राखतोय. उरलेली वाट त्यानं सायकलवाला पुढं निघून जाईल इतक्या हळू काढली आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जीप लावून टाकली. परत येताना त्यानं जीप दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली, तब्येत बरी नाही असं सांगून.

दुसऱ्या दिवशी त्याचा पहिला नंबर होता. जीप भरली. प्रवासी हॉर्न वाजवायला लागले, तरी तो आत बसेना. त्यानं किल्ली काढली आणि लायनीपुढं येऊन उभा राहिला. भर बाजारात कुणाशीही भांडणाऱ्या त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. खाकरून त्यानं पुन्हा सुरुवात केली.

"मला दिसत न्हाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. लई दिवसांपासून लपवलं, तुमच्याशी बी आन् बसणाऱ्या माणसांशी बी. ऑपरेशन हाय. घर चालवायला... मला फंड पाहिजे."

मग रामकिसननं पुढं होऊन त्याच्या हातातली किल्ली घेतली. "बास," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. अजमतबी डबा घेऊन बाहेर आली. कुणी कावून विचारलं नाही, कुणी कशाला विचारलं नाही. तात्याबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. स्वतःसाठी काढला असं म्हणणारा तोंड उघडेल म्हणून जमील वाट बघत राहिला. तसं कुणी नव्हतंच. इतके दिवस ज्याला घाबरलो तो माणूस ह्या लायनीत कधी नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला हलकं वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मला बी मागायचंय."

तो बिभीषण होता. लायनीतला सगळ्यात तरुण ड्रायव्हर, कायम हसतमुख. काही दिवसांपूर्वीच त्याला पोरगा झाला म्हणून सगळ्यांनी त्याचे पेढे खाल्ले होते.

"सातव्याच महिन्यात झालाय पोरगा," तो खाली बघत म्हणाला. "बीडला काचेच्या पेटीत हाय. बायकोची पोत मोडली, त्याचे पैसे बी संपले. उद्यापासून दवाखान्यात भरायला काई न्हाई."

"मग पेढे कशाला वाटले रे?" अजमतबी ओरडली.

"कुणी इचारू नये म्हणून."

जमील त्याच्याजवळ गेला. "आन् मागितलं कावून न्हाई बे? एवढा फंड पडलाय!"

"चाचा, वर्षभरात कुणीच मागितला न्हाई. पहिला मीच कसा मागू? तुमीच म्हणायचे, आपल्या लायनीत कुणाला गरज न्हाई."

ज्या फंडाचा वर्षभर अभिमान मिरवला तो भरत का होता, हे जमीलला आता समजलं. त्याचा रुबाबदार नियम माणसांच्या तोंडावर हात ठेवून बसला होता. त्याला वाटलं जमिनीत शिरावं. पण बिभीषण समोर उभा होता, आणि आज आपण बोललो नसतो तर हा बोलला नसता, हेही खरं होतं. त्यानं बिभीषणला छातीशी धरलं.

"खाला, आधी ह्याचं."

"न्हाई, आधी चाचाचं," बिभीषण म्हणाला.

"भांडू नका," तात्याबा म्हणाला. "दोघांचं होऊन उरतंय. वर्षभर कुणी घेतलंच न्हाई ना."

"आन् तो नियम मोडा," जमील म्हणाला. "मागायचं न्हाई आता. आपणच एकमेकांना इचारायचं. रोज. अन् कुणी काई न्हाई म्हणला तर दुसऱ्यांदा इचारायचं."

त्या सकाळी जमीलची जीप रामकिसननं चालवली. जमील त्याच्या शेजारी बसला आणि बीड येईपर्यंत पायानं नसलेला ब्रेक दाबत राहिला. "गप बसा की," रामकिसन दर वळणाला म्हणत होता. मागं बिभीषण बसला होता. प्रवाशांनी सगळं ऐकलेलं होतं. नेकनूरला उतरताना विमलबाईंनी भाजीची एक जुडी जमीलच्या मांडीवर ठेवली.

डोळ्याच्या दवाखान्यात जायच्या आधी जमील म्हणाला, आधी बिभीषणच्या पोराकडं. त्या दवाखान्यात नर्सनं चपला काढायला लावल्या आणि काचेपाशी नेलं. जमीलनं कपाळ काचेला टेकवलं. आत नुसता उजेड, आणि उजेडात काहीतरी तांबूस.

"दिसतंय का, बाबा?" नर्सनं विचारलं.

कालपर्यंत तो हो म्हणाला असता.

"न्हाई दिसत, बाई," जमील म्हणाला. "बिभीषण, सांग मला. कसा हाय?"

बिभीषण काचेजवळ वाकला. "एवढुसा हाय, चाचा. डोक्यावर टोपी घातलीय. मूठ उघडतोय, मिटतोय."

"अल्ला," जमील म्हणाला, "तुझे लई उपकार," आणि बिभीषणचा हात धरून तसाच उभा राहिला. "अजून सांग."