भुऱ्या सरदारचा तेरावा भाग

दिग्रसमध्ये खोटं बोलणाऱ्यांचा तोटा नाही, पण निजामुद्दीन मेकॅनिकने एकच खोटं अडतीस वर्षं जितकं इमानदारीने सांभाळलं, तितकं कुणाला जमलेलं नाही.

तेव्हा आमच्या मोहल्ल्यात एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी त्यावर भुऱ्या सरदार नावाच्या डाकूची मालिका लागायची. तेराव्या, म्हणजे शेवटच्या भागात पोलिसांनी भुऱ्याला नदीकाठी घेरलं आणि नेमकी लाइन गेली. निजामुद्दीन टीव्हीसाठी बॅटरी आणायला आपल्या दुकानात पळाला. गावभरच्या बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या या गड्याची स्वतःची बॅटरी रिकामी निघाली. आता हे कोणत्या तोंडाने सांगणार? वीस मिनिटांनी परत येऊन म्हणाला, "दुकानात दुरुस्तीले आलेल्या टीव्हीले लावून पाह्यली. शेवट दिसला, इकडं आणेपर्यंत बॅटरी संपली."

मग शेवट सांगणं आलंच. भुऱ्याने फौजदाराची मिशी कापली, घोड्यासकट पुरात उडी घेतली आणि पार झाला. लोक खूश. निजामभाईला चहा पाजायचा आणि शेवट ऐकायचा, असा रिवाजच पडला. मिशी डावी की उजवी यावरून दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते.

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातल्याच धर्मपालच्या नातीला, उर्वशीला, तो भाग मोबाइलवर सापडला. रविवारी सकाळी निजामभाईच्याच दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहायचं ठरलं. निजामुद्दीनचं जेवण तुटलं. खरं काय ते फक्त बायकोला, जोहराबीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "या वयात इज्जत जाईन. आधीच सांगून टाका ना." तो सांगायचं ठरवून निघाला आणि दुकानात जाऊन गप्प बसला.

भाग लागला. पोलिसांनी भुऱ्याला घेरलं. भुऱ्याने पाणी मागितलं, प्यायलं, तोंड पुसलं आणि बेड्यांसाठी हात पुढे केले. संपलं.

निजामुद्दीनची मान खाली. मग शेजारचा मारोती म्हणाला, "कापलं हाय हे. घोडा कुठं गेला?"

"मिशी बी जशीच्या तशी हाय," धर्मपाल म्हणाला. "मोबाइलवर काहीबी टाकतेत." मग तो नातीकडे वळला. "पुरा भाग काहून नाही आणला वं?"

उर्वशी रडवेली झाली. निजामुद्दीनला ते पाहवेना.

"तिले कायले बोलता? खोटं मी बोललो. माही बॅटरीच रिकामी होती. म्या काहीच पाह्यलं नाही." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

मारोतीचेही भरले. "पाहा," तो सगळ्यांना म्हणाला, "पोरीले वाचव्यासाठी सारं सोताच्या अंगावर घेऊन राह्यला. असा माणूस खोटं बोलन का?"

कुणालाही ते शक्य वाटलं नाही. अडतीस वर्षांत तो पहिल्यांदा खरं बोलला होता, आणि मला त्याची खरंच दया आली.

चहा आला. "सांग निजामभाई," धर्मपाल म्हणाला, "पोरीले खरं काय ते कळू दे."

निजामुद्दीनने कप खाली ठेवला. म्हणाला, "भुऱ्याले घेरलं. त्यानं पह्यले पाणी मांगितलं."

लोक चमकले. हे नवीन होतं. उर्वशीने डोळे पुसून वर पाहिलं.

"पाणी पेलं," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "मंग कापली मिशी."