सांभाराची मूठ

“अवं माय, मले कामावरून काढलं.”

फोन तराजूला टेकवून ठेवला होता. वांगी आणि टमाट्यांच्या मधोमध गुंजनचा चेहरा उगवला होता. सावंगीला दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर संध्याकाळ उतरत होती. तिच्या डब्लिनच्या खिडकीत अजून दुधी दुपार होती.

जयवंताच्या हातातली भेंडी हातातच राहिली. “काऊन व?”

“सांभार देल्ला. एका म्हातारीले. फुकटात.”

गुंजन तिकडे शिकत होती. कॉलेज सुटलं की एका किराणा दुकानात उभी राहायची. खोलीचं भाडं त्यावर निघायचं. म्हातारीनं वांगी घेतली आणि हिचा हात आपसूक कोथिंबिरीकडे गेला. लहानपणी याच पोत्यावर बसून गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत ती सांभार टाकायची, अगदी तसाच. फक्त तिकडे सांभार प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, वर किंमत होती आणि मागे मालक उभा होता.

“सांभाराचे बी पैसे घेतेत?”

“घेतेत न. मी चुकली का व, माय?”

जयवंतानं नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रभान मोठा हिशेबी. बायकोनं मूठभर सांभार टाकला, की बोलता बोलता चार काड्या परत काढून घ्यायचा. त्याच्या मते जयवंतानं आजवर एकरभर सांभार तरी फुकट वाटला होता. आज त्याला पुरावाच सापडला होता, तोही थेट विलायतेतून.

“मीनंच लावली तिले ही सवय,” जयवंता पुटपुटली. “बोला आता, काय बोलाचं ते.”

चंद्रभान समोरच्या सांभाराच्या जुडीकडे पाहत होता. त्याला एक अनोळखी स्वयंपाकघर दिसत होतं. एक म्हातारी पिशवी उघडत होती, आणि आपल्या गावच्या, हिंगणीच्या वाफ्यांचा ओला वास तिच्या घरभर पसरत होता.

“अंकल, भिंडी आधा किलो.”

पांढरा कोट घातलेली एक पोरगी समोर उभी होती, बोलण्यावरून कुठली तरी लांबची. चंद्रभाननं भेंडी तोलली. जयवंताचा हात सांभाराकडे निघाला आणि मधेच थबकला. तेव्हा त्यानंच मूठ भरली. एकही काडी परत घेतली नाही.

“इसका कितना, अंकल?”

“इसका नहीं लगता, बेटा. ये तो रहताच है.”

फोनमधली गुंजन हसली. हसता हसता तिचे ओठ थरथरले.

“बाबा, फोन ठेवू नोका. मी अशीच पाहून राह्यली.”

“पाह्य न. दुसरं काम भेटन तुले. बस अशीच.”

मग त्यानं भाजीवर पाणी शिंपडलं. चार थेंब फोनवर उडाले. खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं त्यानं ते हलकेच टिपले. गुंजनच्या गालावरचे दोन मात्र तसेच राहिले. तो पुन्हा पुन्हा काच पुसत राहिला.