भिंतीवर ठोकलेलं माप

मित्रांनो, मी पाय मोजायची एक जुनी लाकडी फळी आहे. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण आता पाय कुणी मोजत नाही. आधी बूट मागवतात, मग पायाला समजावतात.

एका सुताराने मला घडवलं. टाच टेकायला मागे खोबण, मधे सरकणारी पितळी पट्टी, कडेला आकडे. चपलांच्या दुकानात मी नोकरीला लागले. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. ते स्वतः खाली बसून गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय माझ्यावर ठेवून बघत. दोन पाय म्हणजे सख्खे भाऊ. एक थोडा मोठा असतोच. त्या मोठ्याचं ऐकायचं, हा दुकानाचा कायदा.

"साहेब, आठ नाही, तुम्हाला नऊ लागतो."

"अहो, मी जन्मभर आठच घालतोय!"

"तरीच चेहरा असा झालाय."

साहेब हसत आणि नऊ नंबर घेऊन जात. मला धन्य वाटे.

मग मोबाइल आला आणि दुकानात गर्दी वाढली. हो, वाढली! मंडळी येत, पाय मोजून घेत, चार जोड घालून आरशासमोर मिरवत, आवडेल त्याचा फोटो काढत आणि "घरी विचारून येतो" म्हणून जात ते कायमचे. एका बाईंनी तर काकांसमोरच फोनवर बूट मागवले. वर विचारलं, "काका, हा रंग तुमच्याकडच्यासारखाच आहे ना? जरा बघून सांगा."

काकांनी चष्मा लावून पाहिलं. "तोच आहे," म्हणाले.

गल्ल्यावरून काकू कडाडल्या, "आता घरपोच नेऊनही तुम्हीच द्या!"

काकूंच्या तोंडात साखर पडो म्हणायची सोय नाही, पण झालं जवळजवळ तसंच. दुकान बसलं. त्याच जागेत पार्सलचं केंद्र उघडलं आणि काका तिथे पगारावर खोकी रचू लागले. बरीच खोकी परत आलेल्या बुटांची असत. काका सवयीने लोकांना पायाचं माप सांगायला गेले, तर केंद्राची व्यवस्थापक पोरगी म्हणाली, "काका, सल्ले नकोत. सगळ्यांना बरोबर बसले तर आपण रचायचं काय?"

मला मात्र फेकलं नाही. पॉलिश केलं आणि स्क्रू मारून भिंतीवर उंच ठोकलं. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. "किती गोड! काय आहे हे?" असंही विचारतात.

परवा काकांच्या नावाचं खोकं आलं. परगावच्या लेकीने वाढदिवसाला बूट पाठवले होते, अंदाजाने. काकांनी ओढूनताणून पाय आत घातले. लगेच तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, बसले?"

"अगदी मापात!"

"चालून दाखवा ना."

काका हसत चालले. ओठ घट्ट मिटलेले. ती खूश झाली. फोन ठेवल्यावर व्यवस्थापक पोरगी म्हणाली, "काका, बदलून घ्या. मुदत आहे."

"राहू दे. पोरीने हौसेने पाठवलेत."

बूट न काढता ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. साऱ्या गावाचे पाय त्यांनी मोजले. त्यांचे मोजावेत असं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं, पण भिंतीवर पाय ठेवणार कसा? काका लंगडत खोक्यांकडे गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आमच्यात पद्धत आहे. मी सांगणार नाही. मला रोज पुसतात, झळकवतात, खूप जपतात. तेवढं पुरे. आता कुणीतरी स्क्रू काढा आणि मला जमिनीवर ठेवा.